जमिनीतून निघालेली धातूची जुनी वस्तू कशी ओळखायची

विहिरीचं काम, घराचा पाया, शेततळं, खोल नांगरट. यात कुठेतरी पहारीला किंवा फाळाला धातूचं काही लागतं, आणि तासाभरात ते चिंच-मीठ लावून घासलेलं असतं. मग माझ्याकडे फोटो येतो आणि खाली प्रश्न, ‘हे काय असेल?’ फोटोत वस्तू लख्ख असते, पण ती ओळखायला लागणाऱ्या निम्म्या खुणा मोरीत वाहून गेलेल्या असतात. कुठे सापडली, किती खोल, शेजारी काय होतं, हे विचारलं तर नीट सांगता येत नाही.

चूक अज्ञानापेक्षा क्रमाची जास्त असते. लोक आधी घासतात, मग किंमत विचारतात आणि सगळ्यात शेवटी जागा आठवायला बसतात. खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे आणि तो मोडू नये, एवढी माझी मनापासून विनंती आहे.

तयारी: हाताशी काय हवं

जाडसर कागद आणि पेन्सिल, प्लास्टिकची पट्टी, मऊ केसांचा रंगाचा ब्रश, टोक बोथट केलेल्या बांबूच्या काड्या, साधा टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग, दोऱ्याला बांधलेलं छोटं चुंबक, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा डिजिटल काटा, चेनच्या प्लास्टिक पिशव्या, डिस्टिल्ड वॉटर आणि बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. पातळ रबरी हातमोजे असतील तर उत्तम.

तारेची घासणी, लिंबू, चिंच, व्हिनेगर, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यांपैकी काहीही जवळ ठेवू नका. जवळ असलं की हात तिकडे जातोच.

टप्पा १: उचलण्याआधी धोका पाहा

गोल, जड, लोखंडी वस्तू म्हणजे जुना तोफगोळा असं आपण सहज म्हणतो. भरीव तोफगोळ्यापासून भीती नाही. पण गोळ्याला एका बाजूला भोक किंवा बूच असेल, वस्तू नळकांड्यासारखी असून मागे पंख असतील, किंवा टोकाला आटे पाडलेला पितळी भाग असेल, तर तो दारू भरलेला गोळा असू शकतो. अशी वस्तू हलवायची नाही, धुवायची नाही आणि घरी तर मुळीच आणायची नाही. लष्कराच्या सराव क्षेत्रांच्या आसपास, उदाहरणार्थ अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजच्या परिसरात, भंगार म्हणून उचललेल्या अशा वस्तूंनी माणसांचे जीव गेले आहेत. सगळ्यांना मागे घ्या, जागेवर दुरून दिसेल अशी खूण करा आणि ११२ ला फोन लावा.

*तपासा: भोक, बूच, पंख, आटे यांपैकी काहीच दिसत नाही ना? शंका असेल तर पुढचे टप्पे तुमच्यासाठी नाहीत.*

टप्पा २: खणणं थांबवा आणि जागा नोंदवा

सगळ्यात जास्त हयगय होते ती इथे. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

वस्तू मातीत ज्या थरात बसलेली असते, तो थर हाच तिचा जन्मदाखला असतो. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झुडपाचं मूळ उकरताना ओतीव धातूचे बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. इतक्या मोलाच्या वस्तू, पण त्या शास्त्रीय उत्खननात थराथराने निघाल्या नाहीत. त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या काळातल्या यावर अभ्यासकांमध्ये वाद झाले. तिथल्या शेतकऱ्याची यात काहीच चूक नव्हती. तुमच्या हातात मात्र आज फोन आहे.

करायचं ते असं. वस्तू अजून मातीत असतानाच शेजारी पट्टी ठेवून वरून फोटो काढा. मग चार पावलं मागे येऊन, बांध, झाड किंवा विहीर दिसेल असा दुसरा फोटो काढा. फोनवर त्या जागेचं ‘लोकेशन’ साठवा. जमिनीच्या पातळीपासून वस्तूपर्यंतची खोली मोजून लिहा. मातीचा प्रकार लिहा: काळी, मुरूम, पांढरीची माती, राख मिसळलेली, गाळाची. ‘पांढरी’ म्हणजे जुन्या गावठाणाची जागा, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पांढरीच्या मातीत निघालेली वस्तू आणि नदीच्या गाळात निघालेली वस्तू यांचा अर्थ वेगळा असतो. पांढरीतली वस्तू तिथे राहणाऱ्यांची असण्याची शक्यता मोठी. गाळातली मात्र कुठूनही वाहत आलेली असू शकते.

आजूबाजूच्या खापऱ्या, विटांचे तुकडे, कोळसा, हाडं, बांगड्यांच्या काचा फेकू नका. वेगळ्या पिशवीत घाला आणि तीच तारीख, तीच खोली लिहा. पुष्कळदा वस्तूपेक्षा शेजारची खापरी काळ लवकर सांगते.

*इशारा: एक नाणं निघालं की ‘अजून असतील’ म्हणून लोक जेसीबी लावतात. तसं करू नका. गडकिल्ले, लेणी, संरक्षित टेकाडं यांच्या आवारात तर खणणं हाच गुन्हा आहे. आणि गुप्तधनासाठी पूजा-विधी सुचवणारा कुणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. गुप्तधनाच्या नावाखाली होणारे अघोरी प्रकार राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कक्षेत येतात.*

टप्पा ३: उचला आणि वेगळं ठेवा

वस्तू ओढून काढू नका. भोवतीची माती बांबूच्या काडीने सैल करा आणि खालून हात घालून मातीसकट उचला. एकापेक्षा जास्त वस्तू एकत्र असतील, मडक्यात किंवा तांब्यात असतील, तर भांडं उलटं करू नका. आतली माती आहे तशीच राहू द्या.

ताम्रपटाचे पत्रे कडीत ओवलेले असतील तर कडी कापायची नाही. पत्र्यांचा क्रम आणि कडीवरची मुद्रा हा पुराव्याचाच भाग आहे.

सापडलेला साठा फोडू नका, वाटून घेऊ नका. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी नहपानाला हरवलं आणि त्याचं चलन आपलं केलं, हे त्या ढिगाने सांगितलं. तीच नाणी घरोघरी पाच-पाच अशी वाटली गेली असती तर प्रत्येकाच्या हाती नुसती खराब ठशाची नाणी उरली असती.

टप्पा ४: कळवा, आणि ते आत्ताच

हा टप्पा लोक शेवटी ठेवतात किंवा गाळतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, किती, कुठे, कोणत्या तारखेला. दहा रुपयांची मर्यादा म्हणजे आजच्या हिशेबाने जवळपास सगळंच आलं. न कळवल्यास हिस्सा तर जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

कळवलं की सगळं सरकार घेऊन जातं, अशी गावोगाव भीती आहे. कायदा तेवढा एकतर्फी नाही. वस्तूला मालक नाही असं ठरलं आणि वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जागेच्या मालकाला एक हिस्सा अशी वाटणी त्यात आहे. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. खड्डा खणणारा मजूर आणि शेताचा मालक वेगळे असतील, तर दोघांचीही नावं अर्जात घाला. पुढची भांडणं टळतात.

अर्ज साध्या कागदावर चालतो. तहसील कार्यालयातून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा, पोचपावती घ्या आणि एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या जवळच्या कार्यालयाला द्या. नांगराचा मोडका फाळ निघाला म्हणून कुणी अर्ज करत नाही हे मलाही कळतं. पण नाणी, मूर्ती, दागिने, लेख कोरलेला पत्रा किंवा शस्त्र असेल तर टाळाटाळ नको. पुढची तपासणी अर्जाची वाट न बघता करता येते, कारण ती वस्तूला न दुखावता करायची आहे.

टप्पा ५: माती किती काढायची

उत्तर सोपं आहे: वाटते त्यापेक्षा कमी.

वस्तू दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. उन्हात किंवा चुलीशेजारी नको. सुटी झालेली माती कोरड्या ब्रशने काढा. चिकटलेल्या ढेकळाला बांबूच्या काडीने हलकेच टोचा. निघालं तर ठीक, नाही तर राहू द्या. लोखंडाला पाणी अजिबात लावू नका.

तांब्या-पितळेवरचा हिरवा थर म्हणजे घाण नव्हे. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तेव्हा जो हिरवेपणा येतो, त्याचाच हा थोरला भाऊ. शेकडो वर्षांत धातूचा वरचा भाग या थरात बदलतो, आणि अक्षरं पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असतात. खालच्या धातूवर ती नसतात. एकदा एक गृहस्थ मला लालबुंद चकाकणारी तांब्याची चकती दाखवायला घेऊन आले होते. कडेला तीन-चार ठिपके आणि मध्ये एक उभी रेघ, एवढंच उरलं होतं. बहुधा शिवराई, शिवछत्रपतींच्या नावाचं तांब्याचं नाणं. बहुधा! त्या एका शब्दासाठी त्यांनी रात्रभर चिंचेत भिजवलं होतं.

*तपासा: हिरव्या थरावर फिकट, पिठासारखे, बोटाला लागणारे ठिपके दिसतात का? तो चालू असलेला क्षार-रोग आहे आणि ओलीत तो पसरतो. वस्तू सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा आणि संग्रहालयातल्या रसायनतज्ज्ञांना दाखवा.*

*इशारा: राखाडी, जड, पांढरट पूड सुटणारी वस्तू शिशाची असू शकते. हात साबणाने धुवा, मुलांपासून लांब ठेवा.*

टप्पा ६: धातू ठरवा

आधी चुंबक. ते दोऱ्याला टांगून वस्तूजवळ न्या. थेट चिकटवू नका. ओढलं गेलं तर लोखंड, हे बहुतेक वेळा खरं. पण आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत लोहखनिजाचे बारीक कण असतात आणि ते चुंबकाला दाढीसारखे लटकतात. वस्तूवर मातीचा थर असेल तर चुंबक त्या कणांमुळेही हलतं. म्हणून स्वच्छ झालेल्या भागाशी तपासा.

मग गंजाचा रंग. तांबूस-केशरी, पापुद्रे सुटणारा असेल तर लोखंड. हिरवा, कुठे निळा, खाली विटकरी लाल असेल तर तांबं, कांसं किंवा पितळ. काळा किंवा जांभळट राखाडी असेल तर चांदी, पण त्यात तांब्याची भेसळ असेल तर चांदीही वरून हिरवी दिसते. पांढरट राखाडी असेल तर शिसं. मातीतून पिवळं ते पिवळंच निघालं तर सोनं. चंदेरी, अगदी हलकं असेल तर ॲल्युमिनियम, आणि मग शे-दीडशे वर्षांच्या मागे जायचं कारण नाही.

नंतर वजन आणि आकारमान. काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्य करा. वस्तू बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर तिचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. समजा वजन ११.६० ग्रॅम आणि काट्याने १.३२ दाखवलं, तर उत्तर ८.८ येतं, म्हणजे तांब्याच्या घराण्यातलं. शुद्ध सोनं १९.३, शिसं ११.३, चांदी १०.५, तांबं ८.९, पितळ साधारण साडेआठ, लोखंड ७.९.

*इशारा: लोखंड, पोकळ वस्तू, भेगाळलेली वस्तू किंवा जिला कापड, लाकूड, चामडं चिकटलेलं आहे ती वस्तू पाण्यात घालू नका. जाड गंज असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, तो अंतिम धरू नका. पाण्यातून काढली की टिपकागदाने टिपून लगेच वाळवा.*

सराफाकडे नेलं तर कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका आणि ॲसिड लावू देऊ नका. हॉलमार्किंग केंद्रातलं एक्स-रे यंत्र ओरखडा न काढता मोजतं, पण तेही फक्त पृष्ठभाग वाचतं, हे ध्यानात ठेवा.

टप्पा ७: आकार वाचा

आता लोक थेट ‘शिवकालीन’ म्हणतात. त्याआधी गावातल्या सत्तरीच्या माणसाला दाखवा. शेतात निघणारं बहुतेक लोखंड शेतीचंच असतं: फाळ, कोळप्याची पास, खुरप्याचं पातं, गाडीच्या चाकाची धाव, बैलाच्या खुराला मारलेली पत्री. पत्री अर्धचंद्रासारखी, चपटी आणि छोटी असते. घोड्याची नाल म्हणून ती नेहमी चुकीची ओळखली जाते. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात, आणि ती जोडी लक्षात आली की गोंधळ संपतो.

वजनाला हलका, भोकाभोकांचा, काचेसारखी झाक असलेला काळा गोळा उल्का नसून बहुधा लोहाराच्या भट्टीचा मळ असतो. तोही टाकू नका. तिथे कधीतरी भट्टी होती, असं तो सांगतो.

घरगुती वस्तूंत पळी, पंचपात्र, अडकित्ता, चुनाळू, सुरमादाणी, जोडवी, वाळे, घुंगरं हे सगळं भेटतं. पातळ पत्र्यावर मागून ठोकून उठवलेली घोड्यावरची किंवा उभी आकृती असेल तर तो देव्हाऱ्यातला टाक असण्याची शक्यता आधी तपासा. झिजलेले टाक विसर्जित करायची रीत असल्याने ते नदीकाठी निघतात.

भिंगातून बनावट पाहा. ओतीव वस्तूवर साच्याची रेघ किंवा बारीक छिद्रं असतात, घडीववर हातोड्याचे चपटे डाग. सगळे सारखे, यंत्रावर पाडलेले आटे किंवा वेल्डिंगची शिवण दिसली तर वस्तू अलीकडची. झीज कुठे आहे तेही पाहा. कडी एका बाजूला झिजली असेल तर ती टांगलेली होती, पातं टोकाकडे झिजलं असेल तर त्याला पुन्हा पुन्हा धार लावली जात होती.

टप्पा ८: नाणं असेल तर

खोली अंधारी करा. टॉर्च नाण्याला जवळजवळ समांतर, कडेने धरा आणि हळूहळू भोवती फिरवा. सावल्या लांबतात आणि वरून सपाट दिसणारी अक्षरं उभी राहतात. प्रत्येक कोनाला एक फोटो घ्या, फ्लॅश बंद ठेवा. मी एकदा असं बघत असताना तिसऱ्या कोनात आधी ठिपक्यांचं कडं दिसलं, मग आडव्या दोन ओळींत ‘श्री’चा वरचा फाटा आणि ‘राजा’चा काना. तिसरी ओळ चकतीबाहेर गेलेली होती, पण मागे ‘छत्र’ स्पष्ट होतं. घासलं असतं तर सावली पडायला उंचवटाच उरला नसता.

शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत आणि दुसरीकडे ‘छत्र पति’. पण ती छत्रपतींच्या नंतरही फार काळ पाडली गेली. सुरुवातीच्या जड, साधारण अकरा ते तेरा ग्रॅमच्या, नंतरच्या हलक्या. ओबडधोबड अक्षरांची हलकी शिवराई रायगडावरची म्हणून सांगू नका.

इतर ओळखी थोडक्यात. साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेरचा, वेडावाकडा कापलेला चांदीचा तुकडा आणि त्यावर सुटे सुटे ठसे, म्हणजे आहत नाणं. शिशाचं किंवा तांब्याचं, हत्ती आणि मागे एकमेकांना जोडलेली चार वर्तुळं, म्हणजे सातवाहन. कोकणात केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली, चपटवलेली चांदीची तार मिळाली तर फेकू नका. ती लारी असू शकते, आदिलशाहीत चाललेलं चलन. तारेवर भिंगातून फार्सी अक्षरं दिसतात.

टप्पा ९: अक्षरं आणि साल

अक्षरांवर पेन्सिल, कोळसा, खडूची पूड काही घासू नका. ती उलटी दिसली तर वस्तू शिक्का आहे. लाखेत दाबून बघायचा मोह टाळा, फोनमध्ये फोटो आरशासारखा फिरवा.

साल दिसलं की ते कोणत्या गणनेतलं हे आधी ठरवा. शकात ७८ मिळवा, विक्रम संवतातून ५७ वजा करा, शुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांत चाललेली गणना) ५९९ मिळवा. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सरळ बेरीज चालत नाही. हिजरी ११०० म्हणजे इ.स. १६८८-८९, तिथून अंदाज बांधा आणि तक्त्यावर पडताळा. राजाचं नावही फसवतं. पेशवाईतल्या रुपयांवर मुघल बादशहाचं नाव असे. टांकसाळ ओळखायची ती छोट्या खुणेवरून, जसा अंकुशी रुपयावरचा अंकुश.

*इशारा: ‘ईस्ट इंडिया कंपनी’, साल १६१६, १७१७ किंवा १८१८, आणि मागे राम दरबार किंवा हनुमान, अशा चकत्या कंपनीने कधीच पाडल्या नाहीत. ती अलीकडची टोकनं आहेत. ‘तांदूळ ओढणारं नाणं’ ही शुद्ध फसवणूक. आणि जुन्या नाण्यांना लाखो रुपये देतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सावध केलं आहे.*

टप्पा १०: निष्कर्ष कसा लिहायचा आणि कुणाला दाखवायचा

एका कागदाचे दोन भाग करा. डावीकडे फक्त पाहिलेलं आणि मोजलेलं: वजन, व्यास, जाडी, धातूच्या खुणा, दिसलेली अक्षरं दिसली तशी. न वाचलेल्या अक्षराच्या जागी टिंब. उजवीकडे तुमचा अंदाज आणि त्याचं कारण. दोन्ही एकत्र केले की तज्ज्ञाला तुमचा अंदाज पुसून मूळ शोधत बसावं लागतं.

हा कागद, मातीतले फोटो आणि समोर-मागे-कड असे पट्टीसह तीन फोटो एवढं पाठवा. नाण्यांसाठी नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था, थरातल्या वस्तू आणि खापऱ्यांसाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज, मराठेशाहीतल्या लेखांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ, मूर्ती व इतर गोष्टींसाठी मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ‘किंमत किती?’ हा प्रश्न त्यांना विचारू नका. ‘कोणत्या काळातली, कशासाठी?’ असं विचारा.

शंभर वर्षांपलीकडची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही आणि परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाकडे ‘दाखवायला’ म्हणूनही पाठवू नका.

उत्तर यायला महिने लागू शकतात. तोपर्यंत वस्तू सिलिका जेलसह डब्यात, लोखंड आणि तांबं वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. प्रत्येक डब्यावर सापडल्याची तारीख, गट नंबर आणि खोली पेन्सिलने लिहा, शाई ओलीत पसरते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी डबा उघडून पाहा: लोखंडावर केशरी थेंब किंवा तांब्यावर फिकट हिरवं पीठ दिसलं, तर त्याच दिवशी फोटो काढून तज्ज्ञांना कळवा.